लोखंडाची सुरगाठ

दोस्तांनो, पायजम्याच्या नाडीला घाईघाईत निरगाठ बसली की काय हाल होतात, ते मी तुम्हांला सांगायला नको. नखं लावून झाली, दात लावून झाले, गाठ ढिम्म हलत नाही. जितकं ओढावं तितकी ती आणखी आवळत जाते. मग आज्जी येते आणि ‘अरे, सुरगाठ मारायची रे, एक टोक ओढलं की मोकळं!’ असं पुटपुटत सुईच्या टोकानं ती सोडवते. तोवर तुमची जी काय अवस्था व्हायची ती झालेली असते.

पण या दोन शब्दांकडे जरा नीट बघा. सुरगाठ आणि निरगाठ. नाडी दोन्ही गाठी धरून ठेवतात. फरक कळतो तो सोडायच्या वेळी. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी गाठींना नावं दिली ती सोडण्याच्या सोयीवरून! ही मला मोठी इंजिनिअरची अक्कल वाटते. आज आपण ती लोखंडात कशी उतरवायची ते बघणार आहोत, कारण लोखंडाच्या निरगाठीला सुई पुरत नाही आणि तिथं उशीर झाला तर माणसांचे जीव जातात.

गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत, क्रिकेटच्या मैदानाबाहेर किंवा मॅरेथॉनच्या रस्त्याकडेला तुम्ही ती लोखंडी बॅरिकेडं पाहिली असतीलच. साधारण छातीपर्यंत उंच, दोन-अडीच मीटर लांब, खाली दोन पाय, मध्ये उभ्या सळ्या. एका टोकाला हूक, दुसऱ्या टोकाला कडी. एकाचे हूक शेजारच्याच्या कडीत वरून अडकवायचे, की झाली लांबलचक साखळी. सामान टेम्पोतून आणा, अर्ध्या तासात रस्ता बंद. कार्यक्रम संपला की पुन्हा टेम्पोत.

ही कल्पना कुठून आली, त्याची एक मजेदार गोष्ट आहे. पॅरिसमध्ये नादार नावाचा एक अवलिया फोटोग्राफर होता. १८५८ साली फुग्यात बसून आकाशातून पहिला फोटो काढणारा तोच. पुढे त्यानं ‘ले जेआँ’, म्हणजे ‘राक्षस’, या नावाचा एक प्रचंड फुगा बनवला. सप्टेंबर १८६४ मध्ये तो फुगा ब्रुसेल्समध्ये उडवायचा ठरला, तेव्हा बघ्यांची झुंबड उडणार हे उघडच होतं. लोक फुग्याच्या दोऱ्यांपाशी आले तर कठीण! म्हणून गर्दीला लांब ठेवायला हलवता येतील असे कठडे मांडले. फुगा उडाला, विसरला गेला, पण कठडे राहिले. बेल्जियममध्ये आजसुद्धा अशा बॅरिकेडला लोक ‘नादार’च म्हणतात. बिचाऱ्यानं आकाशात नाव काढायचा एवढा खटाटोप केला आणि नाव राहिलं ते रस्त्यावरच्या कठड्याला!

आता एक कोडं. दहा बॅरिकेडांची साखळी आहे. पाचव्या बॅरिकेडापाशी कुणाला तरी चक्कर आली, त्याला बाहेर काढायचंय. तुम्ही आणि तुमचा मित्र पाचव्या बॅरिकेडाची दोन टोकं धरून ते सरळ वर उचलायला जाता. काय होईल?

थोडं डोकं खाजवा. तारेचे हूक करून काड्यापेटीवर बसवून पाहिलंत तर आणखी चांगलं.

होतं असं की एका टोकाचे हूक शेजारच्या कडीतून वर निघतात. पण दुसऱ्या टोकाला या बॅरिकेडाच्या कड्या आहेत आणि त्यांत शेजाऱ्याचे हूक वरून उतरलेले आहेत. कडी वर उचलली की ते हूक तिच्यात आणखीनच खोल बसतात. म्हणजे एक बाजू सुटतेय आणि दुसरी आवळतेय! उपाय आहे. फक्त हुकांचं टोक तिरकं उचलायचं, कडीतून बाहेर काढायचं आणि फाटकासारखं फिरवायचं. पण कुठलं टोक, हे माहीत हवं. आणि मुख्य म्हणजे त्या वेळी पलीकडून कुणी रेलत नसावं. रेललेलं असेल तर? तोच आपला खरा प्रश्न आहे.

कोडं राहू दे, घरातलाच प्रयोग करा. दाराला आतून कडी लावा. आता तुमच्या धाकट्या भावाला दाराच्या बाहेरच्या बाजूनं, दार ज्या दिशेला उघडतं त्या दिशेला, जोर लावून ढकलायला सांगा. (यासाठी धाकटे भाऊ लगेच तयार होतात.) आणि आतून कडी काढून बघा. निघत नाही ना? मग तुम्ही काय करता? एका हातानं दार बाहेर रेटता आणि दुसऱ्या हातानं कडी सरकवता. पावसाळ्यात फुगलेल्या दाराला तर हे रोजच करावं लागतं. दारावर जोर आहे तोवर कडीचा दांडा कोयंड्याला घट्ट दाबला जातो, आणि दाब आला की घर्षण आलं. लोखंडावर कोरडं लोखंड घासत असेल तर घर्षण ढोबळ मानानं दाबाच्या निम्म्यापर्यंत जातं. दोनशे किलोचा दाब असेल तर दांडा सरकवायला शंभर किलोच्या आसपास ओढ हवी. गंज चढला असेल तर विचारूच नका.

गर्दीचा जोर किती असतो? जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्यानं याचा अभ्यास केला होता. दुर्घटनांनंतर वाकलेले लोखंडी कठडे पाहून त्यानं १९९३ मध्ये लिहिलं, की तिथं साडेचार हजार न्यूटनपेक्षा जास्त जोर लागलेला असतो. म्हणजे साधारण साडेचारशे किलो वजनाइतका. एवढा जोर काही एकटा पहिलवान लावत नाही. तुमच्या-आमच्यासारखी साधी माणसं, एकामागे एक, प्रत्येक जण पुढच्यावर थोडासा रेललेला, असा तो साठत जातो. मागच्याला पत्ताही नसतो की आपल्या थोड्याशा रेटण्यानं पुढे काय होतंय.

शाळेच्या मैदानात खडूनं एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा. त्यात चार जण उभे राहा. हात-पाय हलवता येतात, आपापलं वळता येतं. सहा जण उभे राहा. आता खांद्याला खांदा लागतो. बस्स, इथंच थांबा, सातवा घेऊ नका आणि ढकलाढकली अजिबात करू नका. एवढी दाटी झाली की माणूस आपल्या मर्जीनं चालत नाही, गर्दी त्याला वाहून नेते. लाट आल्यासारखी ती इकडून तिकडे हेलकावते. चेंगराचेंगरीत बहुतेक माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरतात असं आपल्याला वाटतं, पण खूपदा ती उभ्या-उभ्याच गुदमरतात. छाती चहूबाजूंनी दाबली गेली की श्वास आत घ्यायला ती फुगतच नाही.

म्हणून कठड्याचा जोड बनवणाऱ्यापुढे दोन उलट्या मागण्या असतात. गर्दी रेटते तेव्हा घट्ट धरून ठेव. आणि नेमक्या त्याच वेळी, गर्दी रेटत असतानाच, एका हातानं सुटून ये. टेबलावर ठेवून उघडता येणारा जोड कुणीही बनवेल हो! साडेचारशे किलो रेललेले असताना उघडेल तो खरा.

जगानं हा धडा कसा शिकला ते सांगतो. ही गोष्ट दुःखाची आहे, पण ती तुमच्याच वयाच्या मुलांची आहे, म्हणून तुम्हांला माहीत असायला हवी.

१६ जून १८८३. इंग्लंडमधलं सुंदरलँड शहर. व्हिक्टोरिया हॉल नावाच्या थिएटरात मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. हजारांच्या वर मुलं वरच्या गॅलरीत बसली होती, मोठी माणसं फारशी नव्हतीच. खेळ संपता संपता जाहीर झालं की काही नंबरांच्या तिकिटांना बक्षीस मिळेल. खाली बसलेल्या मुलांना रंगमंचावरून वाटपही सुरू झालं. आपल्याला काही मिळणार नाही की काय, या धास्तीनं गॅलरीतली मुलं जिन्यानं खाली धावली. जिन्याच्या तळाशी एक दार होतं. ते आतल्या बाजूला, म्हणजे जिन्याकडे उघडणारं होतं. आणि ते थोडंसं किलकिलं ठेवून बोल्ट लावून अडकवलेलं होतं, एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून. तिकिटं तपासायला सोपं जावं म्हणून!

पुढची मुलं फटीत अडकली आणि मागची येतच राहिली. मोठी माणसं पलीकडून धावली, पण त्यांना दार उघडता येईना, कारण बोल्ट मुलांच्या बाजूला होता. आणि बोल्टापाशी असलेल्या मुलांना हात हलवायला जागा नव्हती. त्या हॉलचा रखवालदार दुसऱ्या जिन्यानं वर पळाला आणि मागच्या सुमारे सहाशे मुलांना त्यानं दुसऱ्या वाटेनं सुखरूप बाहेर काढलं. त्या माणसाचं डोकं त्या दिवशी सगळ्यांत थंड होतं. पण १८३ मुलं गेली. सगळ्यांत लहान तीन वर्षांचं होतं, सगळ्यांत मोठं चौदाचं.

आता इंजिनिअरच्या डोळ्यांनी पाहा. दार भक्कम होतं, बोल्टही चांगला होता. त्या बोल्टानं आपलं धरून ठेवायचं काम चोख केलं. पण तो सोडायला शांत हात, मोकळी जागा आणि दाब नसलेलं दार लागत होतं. त्या क्षणी तिन्हींपैकी एकही गोष्ट तिथं नव्हती.

यानंतर इंग्लंडमध्ये सार्वजनिक इमारतींची दारं बाहेर उघडायला हवीत अशी मागणी जोर धरू लागली, आणि १८९२ साली रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज या माणसाला ‘पॅनिक बोल्ट’चं पेटंट मिळालं. तुम्ही तो सिनेमाच्या थिएटरात किंवा मॉलमध्ये पाहिला असेल. दारावर कमरेच्या उंचीला एक आडवा दांडा असतो. तो शोधावा, पकडावा, फिरवावा लागत नाही. नुसतं अंग आदळलं तरी दांडा आत जातो, वरखालच्या कड्या सुटतात आणि दार बाहेर उघडतं. कमाल बघा! घाबरलेली गर्दी जे करणारच आहे, म्हणजे ढकलणं, तेच इथं किल्लीचं काम करतं.

तरी सगळ्यांनी लगेच ऐकलं असं नाही. ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरॉक्वाय थिएटरला आग लागली आणि सहाशेहून जास्त लोक गेले. तिथली काही दारं पडद्यांआड लपलेली होती, आणि काहींना असा एक खटका होता की तो कसा उघडायचा हेच लोकांना माहीत नव्हतं. कार्ल प्रिन्झलर नावाचा हार्डवेअरचा एक विक्रेता त्या खेळाला जाणार होता, पण कामामुळे राहिला. ती गोष्ट त्याच्या मनातून जाईना. त्यानं हेन्री ड्युपॉन्टच्या मदतीनं दांड्याचं नवं कुलूप बनवलं आणि व्होनेगट यांच्या हार्डवेअर कंपनीनं ते १९०८ साली बाजारात आणलं. तिघांच्या आडनावांचे तुकडे जोडून नाव ठेवलं ‘फॉन ड्युप्रिन’. या नावाची कुलपं आजही विकली जातात.

हे सगळं परदेशात घडतं असं समजू नका. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात आग लागली आणि ५९ प्रेक्षक गुदमरून गेले. बाल्कनीतली एक वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. आपल्या देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्पष्ट लिहिलं आहे की बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. पुढच्या वेळी एखाद्या मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या सभागृहात गेलात की जरा बघा, मागच्या दाराला साखळी-कुलूप आहे का. असेल तर मोठ्यांना विचारा. विचारायला काही पैसे पडत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग कठड्यांनाही पॅनिक बोल्ट लावा ना! अडचण अशी आहे की दाराचं काम गर्दीला बाहेर सोडणं, आणि कठड्याचं काम गर्दीला थोपवणं. ढकलल्यावर उघडणारा कठडा हा कठडाच नव्हे. पहिल्याच उत्साही टोळक्यानं तो पाडला असता.

मग सोडायचं काम कुणाचं? पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं. पोलीस, स्वयंसेवक, कार्यकर्ता. आणि इथंच १५ एप्रिल १९८९ ला घात झाला. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना होता. प्रेक्षकांनी मैदानात धावून येऊ नये म्हणून गॅलरीसमोर उंच जाळीचं कुंपण होतं आणि त्यात छोटी छोटी फाटकं. ती उघडायची मैदानाच्या बाजूनं. मधल्या दोन कप्प्यांत माणसं प्रमाणाबाहेर कोंबली गेली. दाब एवढा झाला की तीन नंबरचं फाटक आपोआप उघडलं. बाहेरच्या पोलिसांना वाटलं, लोक मैदानात घुसतायत. त्यांनी लोकांना आत ढकलून ते परत लावलं! जेमतेम सहा मिनिटांत सामना थांबवावा लागला. त्या दिवसाच्या जखमांनी एकूण ९७ माणसं गेली, शेवटचा माणूस तर २०२१ साली. चूक प्रेक्षकांची नव्हती, हे २०१६ च्या चौकशीत ज्यूरीनं स्वच्छ सांगितलं, पण त्यासाठी घरच्या लोकांना सत्तावीस वर्षं झगडावं लागलं.

त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांनी ज्या सूचना केल्या त्यांत एक होती, प्रेक्षक आत असताना ही फाटकं बंद ठेवू नका. दुसरी होती, कुंपण कापायची हत्यारं मैदानावर तयार ठेवा. ही दुसरी सूचना मला फार बोलकी वाटते. कापायची वेळ येणं म्हणजे जोडानं आपलं काम केलं नाही असाच अर्थ. पुढे इंग्लंडच्या मोठ्या मैदानांवरून ही कुंपणं बहुतेक काढूनच टाकली.

चला, आता आपणच एक जोड बनवू.

पहिला विचार नट-बोल्टचा. पक्का, स्वस्त, गल्लीतल्या दुकानात मिळतो. पण सोडायला पाना लागतो. पाना पेटीत, पेटी टेम्पोत, टेम्पोची किल्ली ड्रायव्हरकडे आणि ड्रायव्हर चहा प्यायला गेलाय! रद्द.

मग खिटी. दोन कड्या एकावर एक आणायच्या आणि वरून सळईची खिटी सोडायची. बैलगाडीच्या जूला शिवळ असते ना, तसंच. खिटी वर ओढली की सुटलं. पण गर्दीचा रेटा आडवा येऊन खिटीला दाबून धरतो आणि दाराच्या कडीचा प्रयोग पुन्हा सुरू होतो. शिवाय खिटी हरवते. हरवली की मांडववाला काय करतो ठाऊक आहे? तिथं बाइंडिंगची तार पिळून टाकतो. झाली सुरगाठीची निरगाठ! म्हणून खिटी वापरायचीच तर ती छोट्या साखळीनं कठड्यालाच बांधलेली हवी.

खिटीचा एक हुशार भाऊ आहे. त्याच्या टोकाला दोन बारीक गोळ्या बाहेर डोकावतात, म्हणून तो आपोआप निसटत नाही. माथ्यावरचं बटण दाबलं की गोळ्या आत जातात आणि खिटी निघते. दिसायला झकास, पण घर्षणाचं दुखणं तेच. बटण दाबलं जाईल, गोळ्या आत जातील आणि खिटी मात्र दाबाखाली तशीच अडकून राहील.

तिसरा विचार तुमच्या हातातल्या डब्यातून. डब्याच्या बाजूची क्लिप आठवा. बंद करताना एका ठिकाणी जोर लागतो, मग ‘टक्’ करून ती पलीकडे पडते आणि बसते. क्लिपची ओढ मधल्या रेषेच्या पलीकडे गेलेली असते, म्हणून झाकण जितकं वर रेटेल तितकी क्लिप आणखी बंद होते. उघडताना फक्त ती मधली रेषा ओलांडायची. दांडा लांब असेल तर तरफेच्या जोरावर ते एका हातानं जमतं. खिटीपेक्षा हे कितीतरी बरं, कारण इथं घर्षणावर मात करायला लांब दांडा मदतीला असतो.

पण मला सगळ्यांत आवडतो तो होड्यांवरचा पेलिकन हूक. पेलिकन पक्ष्याच्या लांब चोचीसारखा दिसतो म्हणून हे नाव. होडीच्या कडेला दोरीचा कठडा असतो, आणि त्यातून चढण्या-उतरण्यासाठी एक भाग सोडता यावा लागतो. तिथं हा हूक लावतात. हुकाची लांब चोच बिजागरीवर फिरते आणि तिच्या टोकावर एक छोटी कडी सरकवून ती मिटलेली ठेवतात. ताण सगळा असतो बिजागरीजवळच्या वळणावर. लांब टोकावर तरफेमुळे त्याचा अगदी थोडा हिस्सा येतो. त्यामुळे ती छोटी कडी ताण असतानाही बोटांनी मागे सरकते. आणि मग? ताणच चोच उघडून देतो! ज्या जोरानं खिटी अडकत होती तोच जोर इथं सोडायला मदत करतो.

याच युक्तीची पुढची पायरी पॅराशूटवाल्यांकडे आहे. बिल बूथ या अमेरिकी माणसानं १९७०च्या दशकात तीन कड्यांचा जोड काढला. मोठी कडी, तिच्यातून मधली, मधलीतून छोटी, अशा एकमेकींवर दुमडलेल्या. प्रत्येक कडी भार कमी कमी करत पुढे देते. शेवटी एका बारीक दोरीच्या फाश्यावर एवढासाच भार उरतो. पॅराशूट गुंतलं तर ती छोटी केबल ओढायची, तिन्ही कड्या खळकन सुटतात आणि दुसरं पॅराशूट उघडायला माणूस मोकळा होतो. तीन तरफा एकीला एक जोडल्या, एवढंच आहे ते. सातवीच्या विज्ञानात बसणारं!

मात्र सहज सुटणाऱ्या जोडाला दुसरं भय असतं, तो नको तेव्हाही सुटेल. आणि गर्दीत तुमच्यासारखी चौकस मंडळी असतात. रांगेत तासभर उभं राहिलं की बोटं आपोआप कुठल्यातरी खटक्याशी चाळा करू लागतात, खोटं सांगू नका! यावर जुन्या वैमानिकांच्या पॅराशूटच्या पट्ट्यांवर छान तोड होती. छातीवर एक गोल डबी. ती आधी फिरवायची, मग तिच्यावर बुक्की मारायची, की सगळे पट्टे एकदम सुटायचे. चुकून बुक्की बसली तर काही होत नाही, चुकून फिरली तरी काही होत नाही. दोन वेगळ्या हालचाली, पण दोन्ही एकाच हाताच्या. कठड्याच्या जोडालाही असंच काही हवं, तेही गर्दीच्या हाताला न लागणाऱ्या बाजूला, भडक रंगात, अंधारात चाचपडून सापडेल असं. आणि ज्याच्या हाती ते द्यायचं त्यानं ते आदल्या दिवशी, कठड्यावर पाच-सहा दणकट माणसं रेलवून, स्वतः उघडून पाहिलेलं हवं.

एक गोष्ट मात्र कुठलाच हूक करू शकत नाही. दाब खूप साठल्यावर कठडा अचानक सोडला तर पुढची रांग तोंडावर पडते आणि मागची तिच्या अंगावर. म्हणून वाट मोकळी करायची ती दाब चढायच्या आत, आणि जमलं तर बाजूनं. मागून येणारे लोकही त्याच वेळी थांबवायला हवेत. जोड चांगला असला तरी तो केव्हा सोडायचा हे बघणारा डोळा लागतोच.

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाभोवती कार्यकर्ते दोर धरून चालतात, ते पाहिलंय? माझ्या मते तो जगातला सगळ्यांत स्वस्त ‘झटपट सुटणारा कठडा’ आहे. अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला की दोर खाली पडतो, माणसं बाजूला होतात आणि गाडी गेली की दोर पुन्हा हातात. तिथं हूक नाही, खिटी नाही, गंज नाही. जोड म्हणजे माणसाची मूठच. पण मूठ रात्रभर एवढा ताण धरू शकत नाही आणि हजारोंच्या रेट्यापुढे टिकत नाही, म्हणून लोखंडाकडे जावं लागतं.

तुम्ही स्वतः गर्दीत असाल तेव्हा आत शिरतानाच दोन गोष्टी बघून ठेवा, बाहेरची वाट कुठे आहे आणि कठड्यातलं फाटक कुठे आहे. दाटी वाढतेय असं वाटलं तर लगेच तिरकं-तिरकं बाजूला सरका. हात छातीसमोर घडी घालून ठेवा, म्हणजे श्वासाला जागा राहते. चप्पल पडली तर पडू दे, वाकू नका. आणि कठड्यावर चढून बसू नका, त्याला टेकूनही उभं राहू नका.

आता या आठवड्याचं काम. एक बादली, एक मजबूत दोरी, दोन जाड तारेच्या कड्या आणि घरात मिळेल ते सामान घ्या. बादली टांगून ठेवणारा असा जोड बनवा, की जो एका बोटानं सुटेल. आधी पाव बादली पाण्यावर बघा, मग अर्ध्या, मग भरल्या बादलीवर. पाणी वाढलं तसं सोडायला लागणारं बळ वाढतंय का, किती वाढतंय, लिहून ठेवा. ज्याच्या जोडाला भरल्या बादलीवरही सर्वांत कमी बळ लागेल त्याचं चित्र आपण या पानावर छापू. सुरगाठ चालणार नाही, ती आज्जीनं आधीच शोधलेली आहे. बादलीखाली पाय येणार नाही अशा जागी, शक्यतो अंगणात करा. बाथरूममध्ये करणार असाल तर ‘धप्प’ असा आवाज येणार आहे, हे घरात आधी सांगून ठेवा.